छाट

विडी घरकुलात, समाजमंदिराच्या पत्र्याखाली,
एप्रिलमधले सकाळचे अकरा.
पंखा फिरतो, वारं मात्र लागत नाही.
माझ्या हातात टॅब, टॅबमध्ये धडा तिसरा:
‘एटीएममधून पैसे काढू या.’
आवृत्ती शून्य पूर्णांक सात.
मी शिकवायला आलेले नाही.
शेजारी बसायचं, कुठं अडतं ते टिपायचं,
आणि मदत अजिबात करायची नाही,
असं पुण्याहून बजावलंय.

राजम्मा चिप्पा.
वय विचारलं तर म्हणाली, लिव्हा पन्नास.
मांडीवरचं सूप खाली ठेवताना
तिनं कापलेल्या पानांवरून एकदा नजर फिरवली,
मी किती विड्यांचा वेळ खाणार
याचा हिशेब झाला असावा.

‘नमस्कार! पुढे जाण्यासाठी
हिरव्या बटणाला स्पर्श करा.’
राजम्मानं आधी टॅबला उलट नमस्कार केला.
मग बोट ठेवलं. काही हललं नाही.
पुन्हा ठेवलं.
तीस वर्षं तंबाखू भरून, पान वळून
निबर झालेलं ते बोट
काचेला बोट वाटेना.
तिनं पेर वाकवलं,
आणि शेजारणीच्या दारावर वाजवावं तसं वाजवलं.
उघडलं.
मी लिहिलं: बटण मोठं करा.
ते खोडलं.
लिहिलं: बटणाला ऐकू येत नाही.

‘तुमच्या खात्यात बारा हजार चारशे पन्नास रुपये आहेत.’
कुणाच्या?
कुणाच्याच नाही आक्का, खोटे आहेत.
‘दोन हजार रुपये काढा.’
तिनं पाचशे काढले.
लाल फुली, भोंगा: ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा.’
पुन्हा पाचशे. पुन्हा भोंगा.
“कशाला पायजेत दोन हजार, ते सांगंना की ती.
कारन नसताना कोन काढतंय एवढे?”

मग ती त्या फुलीकडं बघत राहिली,
ओळखीचं माणूस बघावं तशी.
कारखान्यात संध्याकाळी चेकर
हजारातल्या मूठभर विड्या उचलतो,
छाट म्हणून बाजूला फेकतो.
तोंड सैल झालं, का पान फाटकं लागलं,
विचारलं की म्हणतो, चला, पुढची बाई.
“हिचं बी तसंच,” राजम्मा म्हणाली,
“छाटती. पन का छाटलं ते सांगत न्हाई.”

‘आता तुमचा गुप्त क्रमांक टाका.
हा क्रमांक कोणालाही दाखवू नका.’
तिनं टॅब उचलला, माझ्याकडं पाठ केली
आणि पदराआड धरला.
मला बघावं लागतं आक्का, तपासणी आहे ही.
“वद्दु. ती नको म्हनली ना आत्ता?”
पडद्याचं चित्रण चालू होतं.
पदराआडचे चारही आकडे
पुण्यातल्या एका भिंतीवर मोठे होऊन दिसणार होते.
मी चित्रण बंद केलं.
अहवालातला तो रकाना अजून कोरा आहे,
त्याबद्दल मला दोनदा फोन आला.

प्रतिसादाच्या फॉर्मला पाच तारे असतात
आणि अडीचशे अक्षरांचा एक चौकोन.
ताऱ्यांना मी हात लावला नाही.
चौकोनात लिहिलं:
चूक म्हणताना कारण सांगा. पैसे काढायलाही कारण द्या.
भोंगा काढा. त्यांना तो घरी आणू नका.
एवढ्यात अक्षरं संपली.

मे संपता संपता शून्य पूर्णांक आठ आली.
बटण आता रुपयाएवढं. भोंग्याच्या जागी घंटी.
आणि नवं वाक्य:
‘मुलीची फी भरायची आहे. दोन हजार रुपये काढा.’
राजम्मानं सूप खाली ठेवलं.
“कितवीला हाय पोरगी?”
टॅबमधली बाई गप्प.
मीही गप्प, मदत करायची नव्हती.
राजम्मानं जरा विचार केला,
आणि पेरानं अडीच हजार वाजवले.
“वह्या कोन घेनार?”

घंटी वाजली. गोड आवाजात ती म्हणाली,
‘चूक. तुम्ही पाचशे रुपये जास्त काढले.’

“हां,” राजम्मा म्हणाली, “आता कसं, सांगितलं तरी.”
आणि पैसे परत ठेवले नाहीत.